बाकी

मे महिन्याचे एकतीस रकाने.
हजर तर एक, गैरहजर तर शून्य.
नत्थूजी गजभिये, टाइमकीपर, सूतखातं,
बावीस वर्षं एवढंच लिहीत आले.
त्या मे महिन्यात मिलच्या फाटकाला कुलूप होतं.
तरी सकाळी सातला ते समोरच्या कडुनिंबाखाली
मस्टर उघडून बसत.
आधी चाळीस जण यायचे, मग अकरा, मग तिघं,
शेवटी एकाच नावाची ओळ उरली:
एकतीस एक, सलग, रविवार धरून.

कुणीतरी त्यांना सांगितलं होतं,
यंत्राला दोनच आकडे कळतात,
आणि एक घर डावीकडे सरकलं की किंमत दुप्पट.
म्हणून आपलीच हजेरी त्यांनी यंत्रासारखी वाचली,
एक, दोन, चार, आठ,
थेट एकतिसाव्या रकान्यापर्यंत, आणि सगळ्याची बेरीज
२१४७४८३६४७.
दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख
त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.
अंक मिळवले तर सेहेचाळीस.
"त्या दिवशीचा पारा," ते म्हणायचे,
आणि नागपुरात मे महिन्याच्या पाऱ्यावर
कुणी वाद घालत नाही.

मग भागायला बसले.
तीननं, बाकी एक. पाचनं, दोन.
सातनं एक, अकरानंही एक,
तेरानं दहा.
इंदोऱ्यातली ती खोली, कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास,
कोऱ्या मस्टरांची थप्पी, जी मिलनं परत मागितली नाही.
वर्गमूळ सेहेचाळीस हजार तीनशे चाळीस आणि वर थोडं.
तिथवर मूळ संख्या चार हजार सातशे ब्याण्णव.
रोज तीन, फार तर चार.

"काय नत्थूजी, बाकी काय?"
जाणारायेणारा विचारी,
सगळे विचारतात तसं, पाय न थांबवता.
ते हात धरून थांबवत.
"एकशे तीननं भागलं. बाकी ब्याऐंशी."

मी अकरावीत. धरमपेठेतल्या शिकवणीत एक नियम कळला
आणि भर उन्हात सायकल हाणत मी आले सांगायला.
काका, हिला मूळ भाजक असलाच
तर तो बासष्टच्या पटीहून एकानं मोठा असणार.
पहिलाच तीनशे अकरा. शे-दीडशे तपासले की संपलं.
ते तेव्हा एकोणतीस हजारांच्या पुढे होते.
पेनाला टोपण लावलं.
"म्हणजे तीन, पाच, सात यांच्याकडे जायाचं कामच नव्हतं?"
नव्हतं.
कूलरची मोटर घरघरत राहिली.
माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, उन्हानं असेल.
"तुह्या नियमानं भाग जात नाही एवढं कळते, पोरी.
किती उरते, ते भागल्याबिगर नाही कळत."
आणि टोपण काढलं.

शेवटचा भाजक ४६३३७.
बाकी ४१७१९.
त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं,
चहात साखर जास्त पडली होती.
मी भागाकार पुन्हा करून पाहिला, बरोबर होता.
चार हजार सातशे ब्याण्णव ओळी,
एकीतही शून्य नाही.
मिलकडून निघणारी त्यांची बाकी
त्या वर्षीही कोर्टातच होती.
तिचा आकडा मी विचारला, तर म्हणाले,
लिहून ठेवला आहे कुठंतरी.

निघताना पायरीवर मला सुचलं,
काका, जूनमध्ये का नाही बसलात फाटकासमोर?
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं,
खरं तर आधीच मोजलेलं.
"जूनचे रकाने तीस," ते म्हणाले.
"सगळे एक भरले असते, तरी
तो आकडा तीननंच निःशेष गेला असता."